दारात गाडी, कागदावर कुणाची सही?

 

आजचा विषय तुमच्याच गटांतून आलेला आहे. आम्ही गावोगाव बैठकांना येतो. बचत गोळा होते, हप्ते जमा होतात, सह्या होतात, वही मिटते आणि मग चहा येईपर्यंत मनातल्या गोष्टी निघतात. अलीकडे त्या गोष्टींत एक विषय सारखा येतो, तो म्हणजे चारचाकी. कुणीतरी म्हणतं, "आमच्यात सध्या गाडीवरून बोलणं बंद आहे." बाकीच्या हसतात, कारण त्यांच्याही घरात थोड्याफार फरकाने तेच चाललेलं असतं. हसणं संपलं की एखादी हळूच म्हणते, "परवा बँकेतून माणूस येणार आहे सही घ्यायला. काय करू?"

गाडी घ्यावी की घेऊ नये, हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचं त्याचं घर ठरवेल. कर्ज काढून गाडी घ्यायची म्हटलं की नवरा-बायकोत वाद का होतो, त्यात कुठल्या गोष्टी बोलायच्या राहून जातात आणि सही करण्याआधी काय बघायचं, एवढंच आज बोलू.

आधी दोन्ही बाजू नीट ऐकून घेऊ. घरधन्याला गाडी का हवी असते? आपण पटकन म्हणतो, मोठेपणासाठी. तेवढंच नसतं. एक दादा आम्हाला म्हणाले, "वडिलांना रात्री दम लागला. गावात दोन गाड्या, दोन्ही भाड्याने बाहेर गेलेल्या. तिसऱ्याच्या हातापाया पडलो तेव्हा तालुक्याला पोचलो. त्या रात्रीपासून ठरवलंय." कुणाला भाजी बाजारात न्यायची असते. कुणाच्या पोराला नोकरी नाही, निदान गाडी चालवून चार पैसे मिळवेल, असं बापाला वाटतं. आणि मोठेपणाचं म्हणाल, तर तेही खोटं नाही. सोयरीक जमवायला पाहुणे येतात तेव्हा दारात काय उभं आहे ते बघतातच. भावकीत सगळ्यांकडे गाडी आणि आपण अजून दुचाकीवर, हे माणसाच्या मनाला लागतं.

आता घरधनिणीचं ऐका. "अहो, हप्ता कशातून भरायचा? सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पोरीची बारावी आहे, पुढच्या वर्षी तिच्या फीला पैसे लागतील. विहिरीवरची मोटर दोनदा जळली." तिला गाडी नको असते असं नाही. माहेरी जायला, दवाखान्याला, देवाला तिलाही गाडी हवीच असते. पण महिनाअखेरीला डब्यात किती उरतं, हे तिला रोज दिसत असतं.

उलटंही होतं. काही घरांत गाडी बाईला हवी असते. मसाले, पापड, लोणची करून तालुक्याच्या बाजारात विकणाऱ्या ताई आहेत. त्यांना दर बाजाराला टेम्पोचं भाडं द्यावं लागतं. त्या म्हणतात, "आपलीच छोटी गाडी असली तर दोन बाजार जास्त करीन." आणि घरचे मालक म्हणतात, "नको. एकदा ट्रॅक्टरच्या कर्जात हात पोळलेत." ही भीतीही खरी आहे. वसुलीवाले दारात आल्यावर गावासमोर मान खाली घालावी लागली, ते तो माणूस विसरलेला नसतो.

म्हणजे दोघंही आपापल्या जागी घराचाच विचार करत असतात. मग भांडण कुठं सुरू होतं? एक वाक्य येतं तिथं. "तुला काय कळतंय गाडीतलं?"

मैत्रिणींनो, या वाक्यावर जरा थांबू. आपल्या गटात दर महिन्याला काय होतं? एखादी बाई कर्ज मागते. आपण तिला तीन प्रश्न विचारतो. कशासाठी हवंय? कशातून फेडणार? किती दिवसांत फेडणार? उत्तरं पटली तर कर्ज मंजूर, नाही पटली तर थोडं थांब म्हणून सांगतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही. तुमच्यातल्या कित्येक जणी दहा-पंधरा वर्षं हे काम करत आहेत. दुसऱ्याच्या कर्जाचा निर्णय घेण्याचा एवढा अनुभव गावात फार थोड्या लोकांकडे आहे. पण हेच तीन प्रश्न बाईने स्वतःच्या घरात विचारले की त्याला नाव पडतं आडमुठेपणा. गाडीच्या इंजिनातलं तिला कळत नसेल कदाचित. हप्त्यातलं मात्र नक्की कळतं. आणि कर्जाच्या वादात प्रश्न हप्त्याचाच असतो.

तर चला, हप्त्याचंच बघू. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

समजा गाडीची ऑन-रोड किंमत ८ लाख आहे. ऑन-रोड म्हणजे रस्ता कर, नोंदणी, विमा सगळं धरून. शोरूममधल्या फलकावर लिहिलेली किंमत यापेक्षा कमी असते, तिच्यावर जाऊ नका. आपल्याकडचे २ लाख भरले आणि ६ लाखांचं कर्ज काढलं. व्याज १० टक्के धरू, शिल्लक रकमेवर.

मुदत ५ वर्षं घेतली तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे १२,७५० रुपये. पाच वर्षांत व्याज जातं सुमारे १ लाख ६५ हजार. मुदत ७ वर्षं केली तर हप्ता उतरतो, सुमारे ९,९६० रुपये. विकणारा हेच सांगतो, "बघा, दहा हजारांच्या आत बसवून दिलं." पण सात वर्षांत व्याज जातं सुमारे २ लाख ३७ हजार. हप्ता कमी झाला आणि वरचे ७२ हजार गेले. शिवाय सातव्या वर्षी हप्ता चालूच असेल आणि गाडी जुनी झालेली असेल, हेही लक्षात घ्या.

आता आणखी एक शब्द ऐकून ठेवा. फ्लॅट व्याज. काही ठिकाणी सांगतात, "फक्त १० टक्के, फ्लॅट." फ्लॅट म्हणजे आपण मुद्दल फेडत गेलो तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवरच लागतं. ६ लाखांवर वर्षाला ६० हजार, पाच वर्षांचे झाले ३ लाख. हप्ता १५ हजार. शिल्लक रकमेवरच्या व्याजाने मोजलं तर हा दर १७ टक्क्यांच्या वर जातो. कानाला दोन्ही दहा टक्केच वाटतात. म्हणून दर ऐकला की लगेच विचारायचं, "फ्लॅट की शिल्लक रकमेवर?"

हप्त्याशिवाय गाडी चालवायचा खर्च असतो. महिन्याला ६०० किलोमीटर फिरली, लिटरला १८ किलोमीटर पळाली आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तरी ३,३०० रुपये झाले. विमा दरवर्षी, सर्व्हिसिंग, कधी टायर, कधी बॅटरी. यासाठी वर्षाला ३० हजार बाजूला काढायचे ठरवले तर महिन्याला २,५०० झाले. म्हणजे सात वर्षांच्या हप्त्यातही गाडी महिन्याला १५,७०० रुपयांच्या पुढे जाते. घरात जे बोलणं होतं ते बहुतेक वेळा दहा हजारांवर होतं. वरचे पाच-सहा हजार कुणी बोलतच नाही, आणि पहिल्या वर्षी भांडण होतं ते त्या पाच-सहा हजारांवरून.

आणि शेतकऱ्याच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट. हप्ता दर महिन्याला येतो. शेतातला पैसा दर महिन्याला येत नाही. उसाचं बिल येतं ते तोड झाल्यावर. सोयाबीन, कापूस, कांदा यांचा पैसा हंगामाचा, तोही भावावर. जून महिन्यात बी-बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं सगळं एकदम येतं आणि त्याच महिन्याच्या पाच तारखेला हप्ताही येतो. ज्यांच्याकडे दुधाचं बिल नियमित येतं किंवा घरात कुणाला पगार आहे, त्यांना महिन्याचा हप्ता झेपतो. बाकीच्यांनी विचारावं की सहामाही हप्ता मिळेल का. काही बँका आणि फायनान्स कंपन्या शेतकऱ्यांना तशी सोय देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

"भाडी मारू, हप्ता गाडीच फेडेल," असंही घरोघर म्हटलं जातं. त्यात एक अडचण आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. त्यासाठी परवाना लागतो, पिवळी पाटी लागते, फिटनेसची तपासणी लागते, विम्याचा हप्ता जास्त बसतो. खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. धंदाच करायचा असेल तर तो पहिल्यापासून धंदा म्हणून मांडा, आणि महिन्याला किती भाडी नक्की मिळतील ते आज जे हा धंदा करतात त्यांना विचारून घ्या.

आता आकडे बाजूला ठेवून एका घरातली गोष्ट सांगतो. नवरा-बायको दोघंही राबणारे, चार म्हशी, थोडा ऊस. त्याला नवीन गाडी हवी होती, तिला आणखी दोन म्हशी. दोन महिने घरात धुसफूस. शेवटी तिने गटातल्या सवयीने एक तोडगा काढला. ती म्हणाली, "अहो, गाडीला माझी ना नाही. फक्त आधी सहा महिने हप्त्याची तालीम करू. गाडी आली असं समजून दर महिन्याला पाच तारखेला दहा हजार वेगळ्या खात्यात टाकू. जमलं तर गाडी आणू." त्याला वाटलं, त्यात काय, सहज होईल. चार महिने पैसे गेले. जून आणि जुलैचे गेले नाहीत. खताला आणि शाळेला लागले.

कुणी कुणाला बोललं नाही, कारण बोलायचं ते खातंच बोलत होतं. ४० हजार जमा झाले होते आणि दोन महिने हुकले होते. मग दोघांनी बसून ठरवलं की ८ लाखांची नवीन नको, ४ लाखांची वापरलेली घेऊ. जवळचे २ लाख भरले, २ लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी काढलं. १२ टक्क्यांनी हप्ता बसला ६,६५० च्या आसपास. तालमीतले ४० हजार विमा आणि दुरुस्तीसाठी तसेच ठेवले. म्हशींचं पुढच्या वर्षावर गेलं, त्याची तिला थोडी हळहळ आहे. पण ती म्हणते, "ठरवताना मी तिथं होते, म्हणून चाललं." वापरलेली गाडी घेताना आधीच्या मालकाचं कर्ज आरसी बुकावर अजून दिसतं का, विमा चालू आहे का, हे मात्र त्यांनी आधी तपासलं.

आता सहीकडे येऊ. बँकेचा माणूस कागद पुढे करतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, "ताई, इथं सही. फक्त फॉर्मॅलिटी आहे." कर्जाच्या कागदावर फॉर्मॅलिटी म्हणून कुठलीच सही नसते. आपण कुठल्या जागी सही करतोय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिली जागा, सहकर्जदार. म्हणजे कर्ज जितकं नवऱ्याचं तितकंच आपलं. हप्ता थकला तर बँक आपल्याकडे पूर्ण रक्कम मागू शकते आणि सिबिलमध्ये आपल्याही नावापुढे थकबाकी लागते. उद्या आपल्याला शिलाई मशीन किंवा म्हशीसाठी कर्ज काढायचं झालं तर तिथं अडतं.

दुसरी जागा, जामीनदार. लोकांना वाटतं, जामीन म्हणजे ओळख पटवणं. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. दिराच्या, भाच्याच्या गाडीला जामीन राहतानाही हे आठवा.

तिसरी जागा, गाडीची मालकी. कधी कधी गाडी बाईच्या नावावर घेतात आणि तिला बरं वाटतं. वाटावंच. पण नावावर गाडी म्हणजे नावावर जबाबदारीही. अपघात झाला आणि त्या दिवशी विमा संपलेला असेल, किंवा चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर भरपाईचा बोजा नोंदणीकृत मालकावर येऊ शकतो. मालकीण असाल तर विम्याची तारीख तुम्हाला पाठ हवी आणि किल्ली कुणाच्या हातात जाते ते सांगायचा हक्कही तुम्हाला हवा. आणि जिथं हप्ता तुमच्या दुधाच्या, शिलाईच्या पैशांतून जातो, तिथं गाडी कुणाच्या नावावर, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

चौथी गोष्ट, सोनं. डाउन पेमेंट कमी पडलं की नजर बाईच्या गळ्याकडे जाते. लग्नात माहेरून आणि सासरहून तुम्हाला मिळालेलं सोनं हे तुमचं स्त्रीधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केलं की त्यावर नवऱ्याची मालकी नसते. अडचणीत त्याने ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. तुम्ही खुशीने द्यायचं ठरवलं तर जरूर द्या. पण ते कोण सोडवणार आणि कधी, हे आधी बोला. सोनं तारण ठेवून काढलेलं तेही कर्जच असतं, त्याचंही व्याज चालू असतं. म्हणजे गाडीवर एक सोडून दोन कर्जं झाली.

पाचवी, जमीन. जमिनीवर कर्ज काढून गाडी घेतली तर सातबाऱ्यावर बोजा चढतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्यासाठी जमीन अडकवताना दहा वेळा विचार करावा.

आणि सहावी गोष्ट आपल्या गटाची आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. गटातून कर्ज उचललं शेळीपालनाच्या नावावर, आणि पैसे गेले शोरूममध्ये. असं घडतं. त्या बाईच्या घरी शेळी येत नाही, म्हणजे फेडायला उत्पन्नही येत नाही. मग हप्ता थकतो आणि बँकेपुढे नाव सगळ्या गटाचं खराब होतं. अशा वेळी तिला दोष देण्याआधी गटाने विचारावं की तिच्यावर घरातून दबाव होता का. गटाने एक ठराव करून ठेवला तर तिलाच आधार होतो. "गटातून गाडीच्या डाउन पेमेंटला कर्ज मिळत नाही, वहीत ठराव आहे," असं ती घरी सांगू शकते. नाही म्हणण्याचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर राहत नाही.

कागद वाचायला वेळ कुठं मिळतो, असं तुम्ही म्हणाल. तर हे ऐका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी अशा प्रत्येक नवीन कर्जासाठी आधी एक पत्रक द्यायचं असतं. त्याचं नाव की फॅक्ट स्टेटमेंट. ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हप्ता किती, कुठली कुठली फी आणि दंड लागेल, हे लिहिलेलं असतं. आणि ते पत्रक मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. हे तीन दिवस आपले आहेत. "आजच सही केली तर सूट" असं म्हटलं तरी पत्रक घरी आणायचं. शिकलेल्या लेकीला, गटाच्या सीआरपी ताईला वाचायला द्यायचं. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, पण तोच तपशील तिथंही लेखी मागता येतो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही द्यायची नाही, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

मग घरात हे बोलायचं कसं? आपल्याला गटाची पंचसूत्री पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. तीच घरात लावून बघा.

बैठक. म्हणजे दोघांनी बसायचं. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून, सासू-सासरे आणि पोरांसमोर एकमेकांना खाली न पाडता. पाहुण्यांच्या देखत गाडीचा विषय काढायचा नाही, कारण चारचौघांत माणूस हट्टाला पेटतो.

बचत. म्हणजे आधी हप्त्याची तालीम. सहा महिने जमलं तर डाउन पेमेंटही वाढतं.

कर्ज. म्हणजे ते तीन प्रश्न. कशासाठी, कशातून, किती दिवसांत. "तुम्ही उधळे आहात" असं म्हटलं की बोलणं संपतं. "महिन्यातून किती दिवस गाडी लागेल, ते दोघं मिळून लिहू," असं म्हटलं की बोलणं सुरू होतं. महिन्यातून तीनच दिवस लागणार असेल तर भाड्याची गाडी कितीला पडते, तेही शेजारी लिहा. आणि त्याचं कारण खरं असेल, म्हातारी माणसं आजारी असतील, तर तेही मोकळ्या मनाने मान्य करा. सगळ्याच गोष्टी पैशात मोजता येत नाहीत.

परतफेड. म्हणजे हप्ता कुणाच्या कुठल्या पैशातून जाणार, आणि तो पैसा आला नाही तर दुसरा मार्ग कोणता, हे आधी ठरवायचं. निदान तीन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात वेगळी ठेवता आली तर रात्री झोप लागते. हप्ता परत गेला की दंड बसतो, आणि दंडाबरोबर घरात शब्दही बसतात.

हिशेब. म्हणजे एक वही. गाडीची. हप्ता, पेट्रोल, विमा, दुरुस्ती. दोघांनी लिहायची. कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचं बँकेचं नाव उतरवायचं, हेही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा. कर्ज फिटलं तरी पुष्कळ जण हे काम विसरतात आणि गाडी विकताना अडतात.

एवढं करूनही पटलं नाही तर? सहा महिने थांबा, पुन्हा बसा. दोघांनाही मानणारं कुणी असेल, एखादा मामा, थोरली जाऊ, तर त्यांच्यासमोर वही ठेवा. मत जुळलं नाही म्हणून संसार मोडत नाही. पण न पटलेल्या कागदावर सही मात्र करू नका. "मला अजून पटलेलं नाही, मी आज सही करणार नाही," हे शांतपणे म्हणता येतं.

काही घरांत ते म्हणू देत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. धमकी देऊन, मारहाण करून सही घेणं, बाईचं सोनं तिच्या मर्जीविरुद्ध मोडणं किंवा गहाण टाकणं, याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळच म्हटलं आहे. आर्थिक छळ हा शब्द त्या कायद्यात आहे. महिलांसाठी मदतीचा नंबर १८१. तातडीचा धोका असेल तर ११२. वकिलाची मोफत मदत हवी असेल तर १५१००. बाईला ही मदत मिळताना तिचं उत्पन्न किती, हे बघत नाहीत.

आणि ज्यांच्या घरी कर्ज आधीच थकलं आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गुंड पाठवून वसुली करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावलं आहे. तक्रार आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याचा नंबर १४४४८. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जाते. आणि एक गोष्ट घरधन्यालाही सांगा. गाडी ओढून नेली म्हणजे कर्ज मिटलं असं होत नाही. लिलावात कमी पैसे आले तर राहिलेली रक्कम कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांच्याकडून मागितली जाते. म्हणून हप्ता थकायला लागला की तोंड लपवण्यापेक्षा बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का, ते दोघांनी मिळून विचारावं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. वही मिटण्याआधी दहा मिनिटं काढा. कोणकोण कुठल्या कर्जावर सहकर्जदार आहे, कोण कुणाला जामीन आहे, हे प्रत्येकीने फक्त स्वतःशी आठवून बघा. आठवत नसेल तर घरी जाऊन कागद शोधा. ते कागद आपल्या नावाचे आहेत, ते कुठल्या कपाटात आहेत हे आपल्याला माहीत असायला हवं. आणि हा कार्यक्रम घरच्या मालकांनाही ऐकवा. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनीही आम्हाला फोन करावा. त्यांची बाजू ऐकायला आम्हाला आवडेल.